जेनकिन्सचा महिन्याचा खरा खर्च कसा काढायचा: ओपन सोर्स बिल्ड-डिप्लॉय व्यवस्थेसाठी टप्प्याटप्प्याने हिशेब

लायसन्स शून्य, सर्व्हरचं बिल अमुक, एकूण अमुक. जेनकिन्स म्हणजे बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) आणि डिप्लॉय (ते सर्व्हरवर चढवणं) आपोआप करणारं ओपन सोर्स साधन. त्याच्या खर्चाचा असा तीन ओळींचा तक्ता अनेक टीम बनवतात. त्या तक्त्यावरून निर्णय होतात, आणि सहा महिन्यांनी टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस अर्धा आठवडा बंद पडलेले एजंट (बिल्ड चालवणारी मशीन) उठवत बसलेला दिसतो. त्याच्या पगाराची ओळ तक्त्यात कुठेच नसते.

बेरीज सगळ्यांना येते. चूक होते ती क्रमात. लोक आधी क्लाउडचं बिल उघडतात, कारण तो आकडा तयार मिळतो, आणि मोजायला कष्ट पडणाऱ्या गोष्टी सोडून देतात. खालचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. उदाहरण जेनकिन्सचं घेतलंय, कारण स्वतःच्या मशीनवर चालवायच्या साधनांमध्ये तेच सर्वाधिक ठिकाणी भेटतं. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती, गो-सीडी किंवा आर्गो-सीडी वापरत असाल तरी टप्पे हेच राहतात.

सोबत एक नमुना हिशेब चालवला आहे: पुण्यातली समजा बारा डेव्हलपरांची टीम, दिवसाला ६० बिल्ड, महिन्याला २२ कामाचे दिवस. त्यातले दर आणि तास गृहीत धरलेले आहेत. तिथे तुमचे आकडे घाला.

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

चार गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली, जेनकिन्सचा प्रशासक लॉगिन. दुसरी, क्लाउडच्या बिलाचा तपशीलवार पाहण्याचा अधिकार. फक्त एकूण रक्कम दाखवणारी पीडीएफ उपयोगाची नाही. तिसरी, एचआर किंवा अकाउंट्सकडून डेव्हलपर आणि डेव्हऑप्स (बिल्ड आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या) माणसाच्या सरासरी सीटीसीचा आकडा. कोणाचाही वैयक्तिक पगार विचारू नका, गटाची सरासरी पुरते आणि ती मिळायलाही सोपी जाते.

चौथी गोष्ट म्हणजे सलग एक महिना. तो नीट निवडा. दिवाळीचा महिना घेतलात तर बिल्ड कमी दिसतील, मोठ्या रिलीजचा महिना घेतलात तर जास्त. साधारण चालीचा महिना हवा.

तपासा: जेनकिन्समध्ये जुने बिल्ड किती दिवस ठेवले जातात? काही जॉबवर (जेनकिन्समध्ये नेमून दिलेल्या कामांवर) फक्त शेवटचे वीस बिल्ड ठेवायची सेटिंग असते. तसं असेल तर महिन्याअखेर मोजायला बसाल तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांची नोंदच उरलेली नसेल. मोजणीच्या पहिल्या दिवशीच ही मर्यादा वाढवा किंवा रोजची नोंद बाहेर साठवायला सुरुवात करा.

## टप्पा १: काय काय चालू आहे त्याची यादी करा

कोरी शीट घ्या आणि मुख्य सर्व्हर, प्रत्येक एजंट, प्रत्येक प्लगइन (जेनकिन्सला जोडलेला पूरक भाग), कंटेनर इमेजची (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या फाइलींची) रजिस्ट्री, आर्टिफॅक्ट (बिल्डमधून तयार झालेली फाइल) ठेवायची जागा आणि बिल्डमधून बोलावली जाणारी बाहेरची साधनं लिहून काढा. जेनकिन्स एकटं कधीच चालत नाही. कोड तपासणारं साधन, टेस्टचा डेटाबेस, संदेश पाठवणारा बॉट अशी त्याची सोबत असते, आणि त्यातली निम्मी मंडळी वेगळ्याच बिलावर बसलेली असतात.

प्रत्येक ओळीपुढे लायसन्स लिहा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. जेनकिन्स एमआयटी परवान्याखाली आहे आणि आर्गो-सीडी अपाचे २.० खाली, तिथे प्रश्न नाही. बाकीच्यांचं तसंच असेल असं धरून चालू नका. क्लाउडवरची मशीन कोड लिहून उभारणाऱ्या टेराफॉर्मचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला. पूर्वी तो एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) होता, आता बिझनेस सोर्स लायसन्स आहे. स्वतःच्या कंपनीतल्या वापराला त्याने पैसे पडत नाहीत, पण त्याच्याशी स्पर्धा करणारं उत्पादन त्यावर उभारता येत नाही. त्याच घडामोडीतून निघालेलं ओपनटोफू एमपीएलवरच राहिलं.

दुसरं उदाहरण डॉकर डेस्कटॉपचं, म्हणजे लॅपटॉपवर कंटेनर चालवायच्या साधनाचं. २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल, या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या कंपनीलाच ते व्यावसायिक कामासाठी मोफत आहे. आपल्याकडच्या सर्व्हिसेस कंपन्यांची उलाढाल बेताची असली तरी माणसं २५० च्या वर सहज जातात, आणि नेमकी हीच अट नजरेतून सुटते. लिनक्स सर्व्हरवरच्या डॉकर इंजिनला ही अट लागू नाही. म्हणजे एजंट मोकळे असू शकतात आणि डेव्हलपरचे लॅपटॉप पैसे मागू शकतात.

सावध: 'ओपन सोर्स आहे' असं तोंडी उत्तर यादीत लिहू नका. परवान्याचं नाव आणि वापरात असलेली आवृत्ती, दोन्ही लिहा.

## टप्पा २: बिल्डची मिनिटं मोजा

पुढचे सगळे भागाकार याच आकड्यावर होणार आहेत, म्हणून तो आधी पक्का करायचा. जेनकिन्स प्रत्येक बिल्डचा कालावधी मिलिसेकंदात साठवतो आणि एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती मागता येते त्या वाटेने) देतो. तो काढताना तीन ठिकाणी लोक फसतात.

एक: एपीआयमध्ये 'बिल्ड्स' हे फील्ड मागितलं तर फक्त शेवटचे शंभर बिल्ड मिळतात. सगळे हवे असतील तर 'ऑलबिल्ड्स' मागावं लागतं. दिवसाला पन्नास वेळा चालणाऱ्या जॉबचे शंभर बिल्ड म्हणजे दोन दिवस. अनेकांचा महिन्याचा आकडा प्रत्यक्षात दोन दिवसांचा असतो.

दोन: पाइपलाइन जॉबच्या (बिल्डपासून डिप्लॉयपर्यंतच्या पायऱ्या लिहून ठेवलेल्या जॉबच्या) कालावधीत वाट पाहण्याचा वेळही धरलेला असतो. एजंट मोकळा होईपर्यंतचा, आणि माणसाच्या मंजुरीसाठी थांबलेला असेल तर तोही. संध्याकाळी सातला मंजुरीसाठी अडकलेला डिप्लॉय सकाळी नऊला पुढे सरकला, तर तो बिल्ड चौदा तासांचा दिसतो. असे बिल्ड वेगळे काढा.

तीन: अयशस्वी आणि मध्येच रद्द केलेले बिल्ड गाळू नका. त्यांनीही मशीन वापरलेलंच आहे.

सावध: मंजुरीची पायरी एजंटच्या ब्लॉकच्या आत लिहिलेली असेल, तर मंजुरी मिळेपर्यंत तो एजंट अडकून राहतो आणि त्याचं भाडं चालू राहतं. पाइपलाइन उघडून पाहा. ही पायरी एजंट घेण्याच्या बाहेर हवी. मोजणी करता करता हा दोष सापडला तर लगेच सुधारा, पण सुधारल्याची तारीख लिहून ठेवा, नाहीतर महिन्याचे दोन भाग एकमेकांशी जुळणार नाहीत.

नमुना हिशेब: दिवसाला ६० बिल्ड, सरासरी ११ मिनिटं, २२ दिवस. म्हणजे महिन्याला १,३२० बिल्ड आणि १४,५२० मिनिटं, तासांत २४२.

## टप्पा ३: मशीनचा खर्च, चालू आणि रिकामा

क्लाउडचं बिल आता उघडा. महिन्याचे तास ७३० धरायचे. दोन एजंट चोवीस तास चालू असतील तर १,४६० तासांचं भाडं जातं. काम झालं २४२ तासांचं. म्हणजे १०० रुपयांतले जेमतेम १७ रुपये बिल्डसाठी गेले, बाकीचे ८३ मशीन नुसतं जागं ठेवण्यात.

हेच एजंट कामाच्या दिवशी दहा तास चालवले तर दोघांचे मिळून ४४० तास होतात आणि वापर ५५ टक्क्यांवर जातो. तासाला ८ रुपये दर धरला तर एजंटचं बिल ११,६८० वरून ३,५२० रुपयांवर येतं. रात्रीच्या टेस्टसाठी वेगळी वेळ लागत असेल तर ती या तासांत मिळवा.

मशीन बंद केलं म्हणजे बिल बंद झालं, असं मात्र नाही. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) बंद मशीनला जोडलेल्या डिस्कचे पैसे चालूच राहतात. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला १ फेब्रुवारी २०२४ पासून ताशी ०.००५ डॉलर पडतात. एका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर होतात. प्रत्येक एजंटला असा पत्ता देऊन ठेवला असेल तर तो बहुधा गरजेचा नसतो.

स्पॉट मशीन (क्लाउड कंपनीने सवलतीत दिलेली शिल्लक मशीन) स्वस्त पडतात, पण ती दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतली जातात. युनिट टेस्टसाठी बेलाशक वापरा. प्रॉडक्शनवर डिप्लॉय करणारा जॉब तिथे कधीही ठेवू नका; डेटाबेसचं मायग्रेशन (रचनेतला बदल) अर्ध्यावर तुटलं तर वाचवलेले पैसे एका रात्रीत परत जातात.

आयफोनची ॲप बनवत असाल तर मॅक लागतो. एडब्ल्यूएसवरचा मॅक किमान चोवीस तासांसाठी घ्यावा लागतो. वीस मिनिटांच्या बिल्डसाठी दिवसाचं भाडं पडतं, म्हणून ही ओळ वेगळी ठेवा.

आणि मशीन ऑफिसातच असेल तर? १५० वॅटचं मशीन तीस दिवस अखंड चालू राहिलं तर १०८ युनिट होतात. महावितरणच्या बिलावरचा तुमचा दर लावा, एसी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या धरा, मशीनची किंमत ३६ महिन्यांत वाटा. ऑफिसातलं मशीन फुकट आहे असं समजणं ही वेगळी चूक.

तपासा: मुख्य सर्व्हरवर थेट बिल्ड चालतात का? तिथल्या एक्झिक्युटरची (एका वेळी एक बिल्ड चालवणाऱ्या जागांची) संख्या शून्य असायला हवी. बिल्ड तिथेच चालत असतील तर सुरक्षेचा धोका आहेच, शिवाय मशीन विनाकारण मोठं घ्यावं लागतं.

नमुना हिशेब: मुख्य सर्व्हर ५,८४० रुपये, दोन एजंट ११,६८० रुपये.

## टप्पा ४: साठवण आणि नेटवर्क

डिस्क हळूहळू भरते आणि एके दिवशी सगळं थांबवते. प्रत्येक बिल्डने २०० एमबीचा आर्टिफॅक्ट ठेवला तर १,३२० बिल्डचे महिन्याला २६४ जीबी होतात. मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो, तिथे रिलीजच्या संध्याकाळी डिस्क भरली. जुने बिल्ड घाईघाईने हाताने पुसले गेले, आणि त्यांत मागच्या स्थिर आवृत्तीचा आर्टिफॅक्टही गेला. नव्या आवृत्तीत दोष निघाला तेव्हा मागे जायला काही उरलं नव्हतं. बिल्ड जपण्याची मर्यादा प्रत्येक जॉबवर आधीपासून लावलेली असावी आणि रिलीज झालेले बिल्ड कायम ठेवण्याची खूण त्यांवर असावी, एवढंच त्यावरचं औषध.

नेटवर्कमध्ये एक ओळ हमखास राहते: नॅट गेटवे, म्हणजे खासगी नेटवर्कमधल्या मशीनचं इंटरनेटकडे जाणारं दार. खासगी नेटवर्कमधले एजंट इंटरनेटवरून इमेज आणि पॅकेज आणतात तेव्हा नॅट गेटवेचे पैसे तासालाही पडतात आणि प्रत्येक जीबीलाही. एजंट दर वेळी कोरा उभा राहत असेल आणि १.५ जीबीची इमेज आणत असेल, तर १,३२० बिल्डना जवळजवळ २,००० जीबी होतात. इमेज त्याच रीजनमधल्या स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवा आणि एस३ (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) साठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे नॅट टाळणारी थेट वाट, लावा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

डॉकर हबवरून (कंटेनर इमेजच्या सार्वजनिक रजिस्ट्रीतून) लॉगिन न करता इमेज आणण्यावर नोव्हेंबर २०२० पासून मर्यादा आहे, आणि ती आयपी पत्त्यावर मोजली जाते. सगळे एजंट एकाच पत्त्यातून बाहेर पडत असतील तर ती सगळ्यांत मिळून वापरली जाते. दुपारी चारला बिल्ड अचानक पडू लागले आणि सकाळी आपोआप सुरळीत झाले, तर आधी इथे बघा.

तपासा: बिलात १८ टक्के जीएसटी दिसेल. कंपनी इनपुट टॅक्स क्रेडिट घेत असेल तर तो खर्चात धरू नका, घेत नसेल तर धरा. परदेशी सेवा थेट डॉलरमध्ये कार्डवर घेत असाल तर रिव्हर्स चार्ज (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने भरायचा जीएसटी) आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क, दोन्ही सीएला विचारून लिहा.

नमुना हिशेब: साठवण, बॅकअप आणि नेटवर्क मिळून ३,००० रुपये.

## टप्पा ५: माणसांचे तास

सगळ्यात मोठी रक्कम इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक ती मोजतात. घाई करू नका.

५.१ नोंद आठवणीतून करू नका. "जेनकिन्सवर किती वेळ जातो?" असं विचारलं की "आठवड्याला तासभर" हे उत्तर येतं, आणि उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. मधूनमधून आलेले व्यत्यय त्याला आठवत नाहीत. "अरे, माझा बिल्ड अडकलाय, जरा बघ ना" म्हणत आलेली दहा मिनिटं काम म्हणून डोक्यात राहतच नाहीत. आमच्याकडे महिनाभर नोंद ठेवली तेव्हा आधीचा अंदाज किती तोकडा होता ते कळलं. त्यानंतर मी अंदाजावर कधी विश्वास ठेवला नाही.

एक शीट, चार रकाने: तारीख, कोण, किती वेळ (पंधरा मिनिटांच्या पटीत), कशासाठी. नोंद करायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर तिसऱ्या दिवशी ती थांबेल, म्हणून याहून जास्त रकाने घालू नका.

५.२ 'कशासाठी' चे पाच प्रकार ठरवून द्या: प्लगइन आणि आवृत्त्या अद्ययावत करणं, बंद पडलेले एजंट, डिस्क आणि सफाई, पाइपलाइन लिहिणं किंवा त्यात मदत करणं, पासवर्ड-टोकन-प्रमाणपत्रं. सहावा प्रकार काढू नका. 'इतर' हा प्रकार ठेवलात तर सगळं तिथेच जाऊन पडतं.

५.३ सगळ्यांची नोंद घ्या. डेव्हऑप्सच्या माणसाचे तास सगळे मोजतात. लाल झालेला बिल्ड आपल्या कोडमुळे पडला की एजंटमुळे, हे शोधण्यात डेव्हलपरने घालवलेला तास कोणी मोजत नाही. एजंटमुळे निघाला तर तो तास इथे यायला हवा.

५.४ तासाचा दर काढा. हातात येणारा पगार घेऊ नका, सीटीसी घ्या. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवार १०४, सणांच्या सुट्ट्या समजा १०, रजा २१. उरले २३०. दिवसाला सलग कामाचे तास सहा धरा, आठ किंवा नऊ नाही. १,३८० तास झाले. सीटीसी १८ लाख असेल तर तासाला साधारण १,३०० रुपये पडतात. लोक १८ लाखांना २,०८० तासांनी भागतात आणि ८६५ वर थांबतात. तिथेच खर्च एक तृतीयांशाने कमी दिसतो.

नमुना हिशेब: अद्ययावत करणं ४ तास, एजंट ६, डिस्क २, पाइपलाइन ९, टोकन आणि प्रमाणपत्रं ३. एकूण २४ तास, म्हणजे ३१,२०० रुपये. मशीन, साठवण, नेटवर्क सगळं मिळून २०,५२० होते.

तपासा: जेनकिन्स सांभाळणारा माणूस गणपतीला आठवडाभर कोकणात गेला आणि तिथे रेंज नाही. मुख्य सर्व्हर कोण उठवेल? नाव घेता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला शिकवण्याचे तास याच टप्प्यात मिळवा. ही रक्कम आज ना उद्या खर्च होणारच आहे, आणि माणूस अचानक नोकरी सोडून गेला तर कितीतरी जास्त होईल.

## टप्पा ६: अपग्रेड, सुरक्षा आणि बॅकअप

मासिक नोंदीत हा खर्च पूर्ण दिसत नाही, कारण तो वर्षातून एकदोनदा येतो आणि आला की मोठा असतो.

जेनकिन्सच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीला साधारण दर बारा आठवड्यांनी नवा पाया मिळतो आणि मधल्या काळात दुरुस्त्या येतात. लहान अपग्रेड अर्ध्या तासात होतं. जावाची किमान आवृत्ती बदलते तेव्हा खरं काम निघतं. २०२२ मध्ये २.३६१.१ पासून जावा ११ लागू लागलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये २.४७९.१ पासून जावा १७. आणि ही अट मुख्य सर्व्हरपुरती नाही, एजंटचा प्रोग्रॅमही त्याच जावावर चालावा लागतो. जुना प्रोजेक्ट जावा ८ वर बिल्ड होत असेल तर त्या एजंटवर दोन जावा ठेवावे लागतात आणि पाइपलाइनमध्ये कोणता वापरायचा ते स्पष्ट सांगावं लागतं. एजंट विसरून फक्त सर्व्हर अपग्रेड केला की सोमवारी सकाळी सगळे एजंट तुटलेले दिसतात.

सुरक्षेत पुढे ढकलायला जागा नाही. जानेवारी २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-२३८९७ हा दोष जाहीर झाला. कमांड लाइनच्या मार्गाने बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. दुरुस्ती २.४४२ आणि दीर्घ पाठिंब्याच्या २.४२६.३ मध्ये त्याच दिवशी आली, आणि हल्ल्याचा तयार कोड काही दिवसांत सर्वांच्या हाती पोचला. ज्यांची आवृत्ती ताजी होती त्यांचं काम तासात झालं. दोन वर्षं मागे असलेल्यांना आधी जावा, मग प्लगइन, मग दुरुस्ती अशी सगळी चढण एकदम चढावी लागली. अपग्रेड लांबवल्याने पैसे वाचत नाहीत, ते व्याजासह पुढच्या वर्षी येतात.

प्लगइनची संख्या हा इथला मुख्य गुणक आहे. प्रत्येक प्लगइन वेगळे लोक सांभाळतात, आणि काहींकडे सध्या कोणीच बघत नाही.

तपासा: बॅकअप घेतला जातो हे पुरेसं नाही, तो वेगळ्या मशीनवर परत उभा करून पाहा. जेनकिन्समध्ये साठवलेले पासवर्ड आणि टोकन मास्टर कीने बंद केलेले असतात. ती सीक्रेट्स फोल्डरात असते आणि ती मुख्य बॅकअपपासून वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवायची असते. ती नसेल तर जॉब सगळे परत मिळतील, पण एकही पासवर्ड उघडणार नाही.

नमुना हिशेब: मोठी अपग्रेड आणि बॅकअपची उजळणी मिळून वर्षाला ४० तास, ५२,००० रुपये. महिन्याला सुमारे ४,३३३.

## टप्पा ७: रांगेत थांबलेला वेळ

जेनकिन्सच्या लोड स्टॅटिस्टिक्स पानावर रांगेची लांबी आणि व्यस्त एक्झिक्युटर दिसतात. सरासरी थांबणं सात मिनिटांचं निघालं तर महिन्याला ९,२४० मिनिटं, म्हणजे १५४ तास. हे सगळे वाया गेले असं लिहू नका, माणूस तेवढ्या वेळात दुसरं काही करतो. मी चौथा हिस्सा धरतो: ३८.५ तास, डेव्हलपरचा दर १,००० धरून ३८,५०० रुपये. हा आकडा अंदाजाचा आहे, म्हणून मुख्य बेरजेत मिसळू नका, शेजारी वेगळा ठेवा. एजंट वाढवायचा की नाही या प्रश्नाला तो उपयोगी पडतो.

## टप्पा ८: बेरीज आणि भागाकार

मशीन, साठवण आणि नेटवर्क २०,५२०. माणसं ३१,२००. अपग्रेडचा मासिक हिस्सा ४,३३३. एकूण ५६,०५३ रुपये. बिल्डमागे साधारण ४२ रुपये, मिनिटामागे ३ रुपये ८६ पैसे.

तपासा: माणसांचा खर्च मशीनपेक्षा कमी निघाला असेल तर पाचवा टप्पा पुन्हा करा. लहान आणि मध्यम टीममध्ये असं निघालं की बहुतेक वेळा नोंदच अपुरी असते.

## टप्पा ९: भाड्याच्या सेवेशी तुलना

स्वतःचं जेनकिन्स चालवण्याऐवजी तयार बिल्ड सेवा भाड्याने घेतली की माणसांचे तास शून्य होतात, असं गृहीत धरणं ही तुलनेतली सगळ्यात मोठी चूक. पाइपलाइन तिथेही लिहाव्याच लागतात, टोकन तिथेही सांभाळावे लागतात. नमुन्यातले ९ आणि ३ असे १२ तास, म्हणजे १५,६०० रुपये, कुठेही गेलात तरी तुमच्याबरोबर येतात. ते वजा केले तर वाचू शकणारी रक्कम ४०,४५३ उरते. तिला १४,५२० मिनिटांनी भागा: २ रुपये ७९ पैसे. सेवेची मिनिटं, माणशी शुल्क आणि साठवण मिळून मिनिटाला यापेक्षा कमी पडत असेल तरच बदलाचा विचार करा.

मिनिटं मात्र सेवेच्या पद्धतीने मोजा. गिटहब ॲक्शन्स या भाड्याच्या सेवेत प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटापर्यंत वर नेला जातो. वीस सेकंदांचे आठ जॉब समांतर चालवलेत तर आठ मिनिटं लागतात. विंडोज आणि मॅकची मिनिटं लिनक्सपेक्षा महाग असतात. मोफत मिळणारी मिनिटं (गिटलॅब डॉट कॉमवर महिन्याला ४००, गिटहबच्या मोफत खात्यात खासगी रिपॉझिटरीसाठी २,०००) १४,५२० पुढे फारशी पुरत नाहीत. दर बदलत राहतात, म्हणून तुलना करण्याच्या दिवशीच अधिकृत दरपत्रक उघडा आणि तारीख लिहा.

मग स्थलांतराचा खर्च. ३५ पाइपलाइन, प्रत्येकी तीन तास, म्हणजे १०५ तास आणि १,३६,५०० रुपये. महिन्याला ८,००० वाचणार असतील तर हे फिटायला सतरा महिने लागतात. दोन्ही व्यवस्था शेजारी चालवण्याचे एकदोन महिने त्यात अजून धरलेले नाहीत.

मधला मार्गही आहे: नियंत्रण सेवेकडे, रनर (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) आपल्या मशीनवर. तेव्हा सहाव्या टप्प्यातला मोठा भाग जातो, पण तिसरा आणि चौथा तसाच राहतो.

## टप्पा १०: कपात, याच क्रमाने

१. नको असलेले बिल्ड थांबवा. एकाच बदलावर दोनदा सुरू होणारे, फक्त दस्तऐवज बदलल्यावर चालणारे, आणि नवा कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) आला तरी चालू राहणारे जुने. पाइपलाइनमध्ये समांतर बिल्ड बंद करून आधीचा रद्द करण्याचा पर्याय तयार आहे.

२. न वापरलेले प्लगइन काढा. एका वेळी थोडेच, आणि आधी चाचणीच्या सर्व्हरवर.

३. वारंवार बंद पडणाऱ्या एजंटचं मूळ शोधा. नमुन्यात तिथे महिन्याला सहा तास जातात. पाचव्या टप्प्यातली सगळी मिळून २४ तासांची कामं १४ वर आणता आली तर १३,००० रुपये सुटतात. एजंट रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बंद ठेवून ८,१६० सुटत होते.

४. मग एजंटचं वेळापत्रक, आणि शेवटी लहान मशीन. बरेचजण सुरुवातच लहान मशीनने करतात. बिल्ड अकराचे सोळा मिनिटांवर जातात, रांग वाढते, आणि सातव्या टप्प्यातला आकडा फुगतो.

सावध: बॅकअप आणि चाचणीचा सर्व्हर यांना हात लावू नका. बिलात त्या दोन ओळी निरुपयोगी दिसतात, कारण त्यांचा उपयोग अजून पडलेला नसतो.

मोजणी दर तीन महिन्यांनी पुन्हा करायची, त्याच पाच प्रकारांत. पहिल्या शीटवर तारीख, एजंटची संख्या, जेनकिन्स आणि जावाची आवृत्ती आणि तासाचा धरलेला दर लिहून ठेवा. पगारवाढीनंतर दर बदलला तर जुने तास नव्या दराने पुन्हा गुणा, आणि मगच दोन तिमाहींची तुलना करा.